येणे

कोलंबस, ओहायो. तिसरा मजला, खोली तीनशे सात.
अठराशे बाराच्या लढाईला दोनशे वर्षं होणार
म्हणून कायदा करून नेमलेला आयोग.
सदस्य पंधरा. मानधन नाही.
प्रवासभत्ता, आणि दुपारी टर्कीचं सँडविच.
कलम नऊप्रमाणे आयोग आपोआप विसर्जित होईल
ठरल्या तारखेला, संध्याकाळी पाचला.
लढाईला असं कलम नव्हतं.
तह झाला, आणि तहाची बातमी जहाजातून येईपर्यंत
माणसं मरत राहिली, आपापल्या जागी, इमानेइतबारे.

मी इतिवृत्त लिहिते.
माझे वडील कराडच्या कचेरीत नाझर होते.
म्हणायचे, कागद बोलतो,
पण विचारलं तेवढंच.

पहिल्या बैठकीत प्रश्न निघाला: जिंकलं कोण?
अध्यक्ष फिंक म्हणाले, आपण.
ओबरहोल्ट्झरबाई म्हणाल्या, कॅनडाचे पाहुणे येणार आहेत,
जरा जपून.
चर्चेअंती ठरलं, फलकावर 'शौर्य' लिहावं.
शौर्याला बाजू लागत नाही.
सूचक, अनुमोदक. एकमताने मंजूर.

दुसऱ्या बैठकीत तोफा.
खऱ्या, पितळी, फक्त दारू भरलेल्या, गोळा नाही.
रस्टी प्रुइट नावाचा माणूस उठला,
व्हिएतनामला जाऊन आलेला, टोपी हातात.
म्हणाला, तोफा उडवा, माझी ना नाही,
फक्त आधी सांगा किती वाजता.
मग कुणीच काही बोललं नाही.
शांतता कशी नोंदवायची याचा नमुना कार्यालयात नाही.
मी लिहिलं: विषय पुढे ढकलला.

तिसऱ्या बैठकीला डेलफिन वॉकर आल्या.
वायन्डॉट. पंधरावी खुर्ची त्यांच्यासाठीच होती,
दोन बैठका तिच्यावर सगळ्यांचे कोट.
ओक्लाहोमाहून गाडी चालवत आल्या, एकट्या,
थर्मासमधली कॉफी आणि मागच्या सीटवर नकाशांची नळी.
फार बोलल्या नाहीत.
नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर मिठाच्या आणि मिऱ्याच्या बाटल्या,
आणि बोट ठेवलं: इथे आमची मक्याची शेतं,
इथे आमचं शेवटचं गाव.
लढाई संपली. त्यानंतर तीसेक वर्षांनी
आम्हांला इथून हलवलं.
ते तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठे बसतं?
फिंकनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, इतर विषयांत.

बैठक उठल्यावर भत्त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला.
एकेरी अंतर: आठशे मैल.
अक्षर शाळामास्तरणीचं, ठाशीव.
नियम चार, पोटनियम ब:
भत्ता राज्याच्या हद्दीतील प्रवासापुरताच.

मी नियम तीनदा वाचला.
ज्यांना हद्दीबाहेर काढलं
त्यांनी हद्दीबाहेरून यायचं ते पदरमोड करून.
असं कुणी मुद्दाम लिहिलेलं नाही, मला ठाऊक आहे.
पोटनियम ब हा कुणा माझ्यासारखीनंच
शुक्रवारी चार वाजता टाइप केलेला असणार.

त्यांना फोन केला. मी चाचरत होते, त्या ऐकत होत्या.
मग हसल्या, बराच वेळ, मनापासून,
आणि म्हणाल्या, बरं, हद्द नेमकी कुठे सुरू होते ते तरी मोज.

मोजली.
इंडियाना संपतं तिथल्या निळ्या कमानीपासून
आमच्या पार्किंगच्या दांडीपर्यंत
अठ्ठ्याण्णव मैल.
तेवढे मंजूर झाले. चेक गेला.
टपाल मात्र हद्दीबाहेर नीट पोचतं.

इतिवृत्त इंग्रजीत असतं.
मराठीत असतं तर एकाच शब्दात भागलं असतं,
वडिलांच्या खतावणीत डाव्या रकान्यावर असायचा तो:
येणे.
खाली त्यांचं नाव, पुढे मैल,
आणि बाकी पुढच्या पानावर ओढलेली.