दुसऱ्याच नंबरचं मॅगझिन

परवाना हातात पडायला सात आठवडे लागले.
तेवढ्यात बर्फ साचला, कडक झाला, कडेकडेनं काळा पडला.
मग मी योएन्सूहून उत्तरेला निघाले,
डिकीत लोखंडी डबा, कुलूप,
आणि कामावरचं भिंग.

मी दातांच्या कवळ्या बनवते.
दोन गोष्टी एकमेकींत बसल्यात
की नुसत्या बसल्यासारख्या दिसतात,
हे माझ्या अंगठ्याला कळतं.

आउने हुत्तुनेननं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं,
त्यावर लोकरीचा पायमोजा ठेवला. डावा.
त्यातून ते निघालं,
शंभरीला टेकलेलं, तिरक्या मुठीचं,
माझ्या अंदाजाहून हलकं.
"नवऱ्याच्या काकाचं," ती म्हणाली. "की मामाचं.
विचारायचं राहून गेलं."
कॉफी ओतताना तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

भिंग लावलं.
नळीवर अठ्ठेचाळीस. चापावर अठ्ठेचाळीस.
नखाएवढ्या कळीवरसुद्धा अठ्ठेचाळीस,
एका घरात सगळ्यांचं नाक सारखं असावं तसं.
मॅगझिनच्या लाकडी बुडावर मात्र
एकाहत्तर.

"एवढ्यानं किंमत निम्मी होते," मी म्हटलं.
घेणाऱ्यानं म्हणायचंच असतं ते.
"मग निम्मे दे. पायमोजा तेवढा ठेवून जा,
त्याचा जोडीदार आहे घरात."
मी निम्म्याहून थोडे जास्त दिले.
पूर्ण नाही दिले.

रविवारी खडीच्या खाणीत, उणे चार.
रायमो म्हणाला, "म्हातारं जनावर आहे. तीनच भर."
कानांवर टोप्या. अर्धा श्वास सोडून थांबले.

पहिली कागदाच्या वरून, थेट मातीत.
वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडला, उलगडला,
रिकामं पितळ माझ्या टोपीवर आपटून
बर्फात फुस्स झालं.
दुसरी काळ्या वर्तुळाच्या डाव्या काठाला.
तिसरी अडकली.
नवी कवळी लावून पहिला घास घेणारा माणूस
जसा मध्येच थांबतो,
आणि टेबलावरचे सगळे त्याच्याकडे बघतात.

"स्प्रिंग गेलीय," रायमो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
हातमोजा काढून बर्फात पितळ चाचपत राहिले
आणि मला ते दोघं दिसले:
एका टेबलावर, एका चिमणीच्या उजेडात,
दोन पिस्तुलं सुटी करून पुसत बसलेले.
बाहेरून कुणीतरी हाक मारली असेल.
उठताना हाताला लागलं ते उचललं असेल.
त्यांतला एक काका, किंवा मामा.
दुसरा एकाहत्तर.
त्याचं अडकलं असेल का
कुठे, ऐन वेळी,
आमच्या अठ्ठेचाळीसमुळे?

पितळ एकच सापडलं.

रात्री नळीत तेलाचा बोळा फिरवला.
ते लाकडी बूड घासून
आकडा पुसणं, नवा कोरणं,
माझ्या हाताला दहा मिनिटांचं काम.
कानस काढली. दिव्याखाली धरली.
पुन्हा खणात टाकली.