बिनछाप

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
शेडवर पाटी नाही.
लिंबाला टांगलेलं टायर, हीच खूण,
असं हरिवदनभाईंनी फोनवर सांगितलं होतं.
आत कटिंग ऑइलचा वास,
आणि टोपलीत, रताळी ओतावीत तसे,
हब.

"एकच डाय, प्रमदाबेन, एकच मशीन,
माणूससुद्धा एकच, हा रमझान."
रमझानने वर न बघता मान डोलावली.
"त्या खोक्यातले हॉलंडला जातात.
तिथे गेल्यावर त्यांच्यावर नाव कोरतात.
टोपलीतले तुमचे.
नावाचे नऊ हजार वगळा,
उरले बेचाळीसशे. जोडीचे."

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारीच्या पगारात
कार्बन बसत नाही.
ॲल्युमिनियम बसतं, जरा दाबून.

मी एक उचलला, आस दोन बोटांत धरून
अंगठ्याने ढकलला.
थांबेचना.
घासाघीस करायला आलेली बाई
तोंड उघडं ठेवून बघत राहिली,
आणि मग आठवल्यावर
शंभर कमी केले. शंभरच.
त्यांनी गुजराती पेपरात पुडी बांधली,
वर हातमोजे टाकले, एक्स्पोर्टचे,
फक्त अंगठ्याची शिवण वाकडी.
"अंगठा कोण बघतंय?"

दांडिया बाजारातल्या खोलीत
फरशीवर चादर, चादरीवर रिम,
आणि अठ्ठावीस तारा.
एकेक ओवली, नखाने छेडली, निपल पाव फेरा.
पुन्हा छेडली.
तिसऱ्या रात्री वरचे खासगीवाले मास्तर
चपला फटफटवत खाली आले.
चाळीस वर्षं तंबोरे लावलेला माणूस.
"सतरावी उतरलीय," म्हणाले.
"दोन दिवस झोप नाही मला."

उतरली होतीच.
मग ते भिंतीला टेकून बसले, डोळे मिटून,
मी छेडायची, ते बोट वर नाहीतर खाली.
रिम डगमगायची थांबली,
तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना.
"डावी बाजू आणि उजवी बाजू
एका सुरात नाहीत, पोरी."

मी म्हटलं, मागच्या चाकात नसतातच.
उजवीकडे गिअर बसायचे,
म्हणून त्या तारा उभ्या, जास्त ताणलेल्या,
डावीकडच्या तिरक्या, सैल.
दोन्ही एका सुरात लावल्या
तर चाक एकीकडे ओढलं जातं.

बराच वेळ बोलले नाहीत.
काकू पुण्याला असतात, मुलीकडे,
अकरा वर्षं झाली. दिवाळीला फराळाचा डबा येतो.
"असं का," म्हणाले शेवटी,
आणि जाता जाता
चाकाला बोटाने एक फेरा दिला.
ते जिना चढून गेले तरी फिरत होतं.

रविवारी, हालोल रस्ता, साडेपाच.
पावागड म्हणजे अंधाराचाच एक जास्त काळा तुकडा.
पाय थांबवले की मागून
किर्र, रातकिड्यासारखं, नव्या धातूचं.
क्लबातला एक मुलगा बाजूला आला,
गुडघ्यापर्यंत मोजे, डोळ्यांवर आत्ताच गॉगल,
चाकाकडे वाकून विचारलं,
कुठली कंपनी?

"रमझान," मी म्हटलं.

त्याने गंभीरपणे मान हलवली,
इटालियन असावी, अशी,
आणि पुढे निघून गेला.
मी गेले मागोमाग, पुलाच्या चढापर्यंत.
मग सुटला तो. पाय काही फॅक्टरीतून येत नाहीत.

उतारावर ब्रेक किंचाळला.
पॅड घ्यायचे राहिलेत.
गुरुवारी शेड बंद असते,
शुक्रवारी जाईन, शाळा सुटल्यावर,
आणि या वेळी रमझानला विचारीन
की तो घरी कशावर जातो.