खोलीत दुसरं कोणी

अठरा वर्षं मी कोर्टात 'मी' म्हणतेय.
मी मेंढ्या नेल्या नाहीत, साहेब.
मी त्या रात्री शुद्धीत नव्हतो.
मी आधी हात उचलला नाही, तिने उचलला.
खोसात ऐकायचं, इंग्रजीत म्हणायचं,
मॅजिस्ट्रेटचं इंग्रजी उलट फिरवून
पिंजऱ्यातल्या माणसाच्या कानात सोडायचं.
'तो म्हणतो' असं म्हणायचं नाही, नियम आहे.
थेट 'मी'.
इतके गुन्हे कबूल केलेत मी
की घरी गेले की आधी हात धुते.

युनिव्हर्सिटी प्रिटोरियाला. आमच्या कारूतून
हजार किलोमीटर. मी ती पाहिली
माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर, टेकडीवरचं जहाज जसं.
रात्री बारानंतर डेटा स्वस्त होतो
म्हणून करारांचा कायदा पहाटेचा शिकले,
मालमत्तेचा लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बसवून.
दोन ते साडेचार अंधार: तेव्हा झोप.
चूल विझलेली, खिडकीवर हिव,
अंगात कोट, कोटावर ब्लँकेट,
आणि पडद्यावर जुने रोमन विचारतायत,
पोळं सोडून उडालेल्या मधमाश्या कुणाच्या?
आई कूस बदलून म्हणाली,
ज्याला चावतील त्याच्या.

चार वर्षांची पदवी. मला नऊ लागली.
एका वर्षाची फी म्झुकिसीच्या शवपेटीत गेली,
भाऊ होता, वाद घातला नाही.
पुराव्याच्या कायद्यात दोनदा नापास.
रोज पुराव्यातच बसते मी, सकाळी नऊ ते चार,
तरी दोनदा.

शेवटचा पेपर घरून. फोन टेकवून ठेवायचा
साखरेच्या डब्याला, कान उघडा ठेवून;
मधूनमधून तो खोली ऐकतो.
शेजारची शेळी ओरडू नये म्हणून
तिला आदल्या रात्रीच पलीकडे बांधायला लावली.

दोन आठवड्यांनी पत्र:
परीक्षेदरम्यान खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा
आवाज आढळला आहे. निकाल राखून ठेवला आहे.

चौकशी पडद्यावर. तीन चौकोन, तीन चेहरे,
एकामागे पुस्तकं, एकामागे नुसती भिंत.
बाई सोंत्शी, तुम्हाला दुभाषी हवा आहे का?
नको, म्हणाले.
आणि मग गप्पच झाले.
अठरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या आधी कुणी काही बोललेलंच नव्हतं.

त्यांनी आवाज लावला. बाईचा, खालच्या पट्टीतला, खोसातला,
घाईत, कुणाला तरी समजावत असल्यासारखा.
ही मीच आहे, म्हणाले. वाचते तेव्हा जीभ हलते.
इंग्रजी डोळ्यांतून आत आलं
की तोंडातून खोसा बाहेर पडते, सवयच आहे.
पण ही मी, हे सिद्ध कसं करायचं
ते कुठल्याच प्रकरणात नव्हतं.

भिंतवाले प्राध्यापक फान टोंडर पुढे वाकले.
काय म्हणतेय ती?
ती म्हणते...
(नियम आठवला. घसा खाकरला.)

मी पैसे दिले आहेत. माल आलेला नाही.
वाटेत पूर आला. तोटा कुणाचा?
थांब. घाई नको. आधी करार बघ, मग पूर बघ.
पुढे थोडी कुजबुज.
मग, साहेब, अगदी शेवटी:
येतंय मला हे. येतंय.

पडद्यावर बराच वेळ कुणी हललं नाही.
मला वाटलं डेटा संपला.

पदवी पुठ्ठ्याच्या नळीतून आली.
पोस्टातल्या मुलीने विचारलं,
सही स्वतःची की दुसऱ्या कुणासाठी?
नळी आईने घेतली, विणायच्या सुया ठेवायला.
उमेदवारी जानेवारीपासून, वकील स्नायमनांकडे,
त्यांच्या जुन्या झेरॉक्स मशीनशेजारी एक टेबल.

तोवर सोमवार. खटला बारावा, पुन्हा मेंढ्या.
पोरगा जेमतेम विशीतला, बूट एकाच पायात.
माझ्याकडे बघतो, मॅजिस्ट्रेटकडे नाही,
सगळेच तसे बघतात.
बोल, मी म्हणते, सावकाश बोल.
आणि हे वाक्य मात्र
मी कुणालाच इंग्रजीत सांगत नाही.