चवीपुरतं

अकरा वर्षं मी हेच वाहून नेलं.
आताकामाच्या मिठागरातून अँटोफगास्ताच्या कारखान्यापर्यंत
टँकरभर पिवळसर, तेलासारखं जड पाणी.
उतारावर ते मागून ढोसायचं.
यातलं चिमूटभर कधी
माझ्याच पोटात जाईल, असं
एकदाही मनात आलं नाही.

बहिणीला, एदुविनाला, माझ्याआधी दोन वर्षं सुरू झालं.
तीच गोळी, तोच डॉक्टर, बापही तोच.
तिला काय होतं? तहान लागते, म्हणते.
बाकी ती अजून
टाके न मोजता लोकर विणते.
माझा हात मात्र कॉफीचा कप
बशीवर वाजवत वाजवत तोंडाशी आणतो.
शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात, सकाळी सकाळी हा प्यायलाय.
दारू सोडून सहा वर्षं झाली.
कुणाकुणाला सांगत बसू.

कालामाच्या दवाखान्यात रक्त द्यायला
सातलाच रांग लागते, सगळे उपाशी.
म्हातारी ऑर्फेलिना दुसऱ्या गोळीवर आहे.
कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले
तेव्हा तिनं एदुविनाकडून टोपी विणून घेतली, लालभडक.
म्हणाली, केस गेले तर गेले,
मार्चपासून एकदाही
गच्चीच्या कठड्यावर चढले नाही मी.

मायकोल एकवीसचा. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा.
सूर लागतात, म्हणाला,
पण लागल्याचं मला कळत नाही. सगळं अळणी.
अरे, मीठच तर खातोस, ऑर्फेलिना म्हणाली.
तो हसला. आम्ही कुणीच हसलो नाही.
गेले तीन आठवडे तो आलेला नाही.
त्याच्या खुर्चीवर कुणीतरी कोट ठेवतं.

माझा आकडा शून्य पॉइंट आठ.
एदुविनाचाही शून्य पॉइंट आठ.
डॉक्टर दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात,
मग माझ्या हाताकडे,
मग म्हणतात, अंगाअंगाचा स्वभाव.

मी त्यांना मायकोलचं सांगितलं.
स्वतःचं नाही सांगितलं,
की एकदा वाळवंटात, भरल्या टँकरचे
दिवे बंद करून चाळीस किलोमीटर गेलो होतो
चांदण्या पुरतील म्हणून.
आणि पुरल्या होत्या.
आता तसं आकाश दिसत नाही.
आता आकाश आकाशाएवढंच असतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी जागतो.
तेही मला जागवतं, रात्रीतून चारदा,
भिंत धरून संडासापर्यंत आणि परत.
परतताना स्वयंपाकघरात एदुविना उभी असते,
अंधारातच नळाखाली ग्लास धरून.
स्वतःचा गटागटा पिते,
मग माझा भरते
आणि काही न बोलता पुढे करते,
अर्धाच.