अकरावी कळ

कायानी गावात, कागदाच्या गिरणीच्या धुराखाली,
त्या हिवाळ्यात दुपारी तीनलाच अंधार पडायचा
आणि तार्मो स्वयंपाकघराच्या टेबलावर
एक तळं लिहीत बसायचा.

ओळ दहा, ओळ वीस, ओळ तीस.
गोठलेलं तळं, त्यावर एक स्कीवाला,
आठ ठिपके उंच, टोपी लाल.
मासे धरायला पाडलेली काळी भोकं.
झाडं एकेक करून उगवायची, इतकी सावकाश
की जणू कुणी बर्फात खुंट्या ठोकतंय.

मी उजव्या बाणावर बोट ठेवलं.
झाडं संपेनात, माणूस हलेना.
"कळ काढ जरा," तार्मो म्हणाला.
मी कळ दाबूनच धरली.

मग तो निघाला.
भोक दिसलं, मी बोट उचललं,
दोन्ही हात वर, पोलिसांनी पकडल्यासारखे,
आणि तो चालतच राहिला,
एक पाऊल, अजून एक, अजून एक,
टोपीसकट पाण्यात.

"मी सोडलं होतं!"
"त्याला कुठे ठाऊक, तुइया?
तो तुझं मघाचं ऐकतोय."

वहीत त्याने दहा खण आखले,
सहाशे एकतीस ते सहाशे चाळीस.
सेकंदाला साठ वेळा
यंत्र हातातलं काम टाकून
कीबोर्डवरून नजर फिरवतं,
दाबलेलं दिसलं की रांगेत उभं करतं.
खेळाला सवड झाली की पहिला आत जातो,
मागचे एकेक घर पुढे सरकतात.
दहा भरले की अकराव्याला जागा नाही.
त्याला कुणी "नाही" म्हणत नाही.
तो नुसता नसतो.

बाबा पाळीवरून आले. बूट काढले.
चार नंबरच्या यंत्राने वीस वर्षं त्यांचे कान खाल्ले होते.
मी एका दमात विचारलं:
शनिवारी तळ्यावर जाऊया?
माझे स्केट लहान झालेत, काय करू?
आई पत्रात काय म्हणते?

त्यांनी सूप संपवलं. मग म्हणाले,
"शनिवारी पाळी आहे."
बटाटा सोलता सोलता:
"तार्मोचे जुने घाल."
तिसऱ्यासाठी मी थांबले.
तार्मोही थांबला, वहीतल्या खणावर पेन्सिल टेकवून.
बाबा उठले, ताट धुवायला गेले.

रात्री तार्मोने एक ओळ वाढवली:
पोक १९८, ०.
रांगेत किती जण उभे आहेत,
तेवढंच त्या घरात लिहिलेलं असतं.
तिथे शून्य लिहिलं की रांग नाही.
अक्षरं आपापल्या खणात तशीच पडून,
फक्त त्यांना कुणी बोलवत नाही.

आता स्कीवाला भोकाच्या काठावर
अगदी शहाण्यासारखा थांबायचा.
मी जिंकू लागले.
पण झाडं उगवताना दाबलेलं सगळं जायचं,
चुकून दाबलेलं, आणि मनापासून दाबलेलंही.

"ती ओळ काढून टाक."
"बुडेल तो."
"बुडू दे."

एप्रिलमध्ये, गाडीत, चिखलाच्या रस्त्यावर,
मी काहीच विचारलेलं नसताना
बाबा समोर बघत म्हणाले,
"म्हणते, तुइयाला सांगा, केस कापू नकोस."

केस मी फेब्रुवारीतच कापले होते.
घर येईपर्यंत
मी टोपी काढली नाही.