डावखुरी खूण

मी लाकडांच्या तोंडावर आकडे लिहिते.
आधी थप्पीचा, मग नगाचा,
मग लांबी, मग गोलाई.
पांढऱ्या रंगाचा डबा, झिजलेला ब्रश,
आणि दहावीपर्यंत शिकले म्हणून वळणदार आठ.
निखारे बाबू म्हणायचे,
जुरी, तुझा आठ पाहूनच बोली चढते.

माझ्या आधी सैनू. तो घण मारायचा.
घणाच्या तोंडाला डेपोची खूण,
एका ठोक्यात ओल्या सागात उतरायची.
दुसरा ठोका लागला
की दिवसभर कोणाशी बोलायचा नाही.
भाऊ माझा. डावखुरा.
म्हणून आमच्या लाकडांवरची खूण
नेहमीच थोडी डावीकडे कललेली.

त्या साली लिलावाला खुर्च्या जास्त, माणसं कमी.
चंद्रपूरचे शेट आले,
सागावरून हात फिरवला
जसा दुसऱ्याच्या बैलावरून फिरवतात,
चहा संपवून म्हणाले,
माल खरा आहे जी, पण बंदरात
समुद्रापलीकडचा साग उतरून राह्यला.
सरळसोट. तुमच्याहून स्वस्त.
बोली निघालीच नाही.

पुढच्या साली कूप निघाला नाही.
चुक्कूने लाकूड ओढणारे दोन्ही रेडे विकले,
साखळदंड ठेवला. तो विकत घेणार कोण?
सतरा नंबरच्या थप्पीवर वेल चढली,
माझे आकडे पानांखाली गेले.
सागाला वाळवी लागत नाही म्हणतात.
आतल्या लाल लाकडाला नाही लागत.
सालीला लागते,
सालीखालच्या पांढऱ्या भागाला लागते.
आम्ही सारे तिथलेच.

सैनू कांडल्याला गेला,
ठेकेदाराच्या जीपमध्ये, अकरा जणांत.
परदेशी लाकूड उतरवायचं काम.
म्हणजे ज्यानं आमचा डेपो बसवला
त्याच लाकडाला खांदा द्यायचा.
मी काही बोलले नाही.
घरी तांदूळ त्याच्याच पैशाने येत होता.

एका रात्री फोन आला.
बाई, या लाकडाच्याही तोंडावर खूण आहे.
अक्षर आपल्याकडचं नाही, वाचता येत नाही.
पण ऐक ना,
डावीकडे कललेली आहे.
मग बराच वेळ नुसती समुद्राची खरखर.
मग म्हणाला,
तिकडचाही डावखुरा दिसते वं.

त्यानंतर कुठल्यातरी दोन राजधान्यांचं बिनसलं.
चहाच्या टपरीवर टीव्ही सांगत होता,
इकडून शुल्क वाढलं,
तिकडून त्यांनी लाकूडच अडवलं.
शुल्क म्हणजे काय ते चुक्कूला
बाबूंनी तीनदा समजावलं.
तो म्हणाला, म्हणजे नाक्यावरचा दांडा.
हो, तसंच.
आपल्या बाजूचा की त्यांच्या?
बाबूंनी चष्मा पुसला.

पण गाव हसलं त्या दिवशी, खोटं कशाला सांगू.
आता शेट येतील, कूप निघेल, रोज सुटेल.
मीही डबा काढला. रंगावर साय धरली होती,
ब्रश लाकडासारखा कडक.
घासलेटात बुडवून ठेवला.

त्याच संध्याकाळी सैनूचा फोन.
जहाज येत नाही. नऊ दिवस झाले,
गेटासमोर बसून आहोत.
ठेकेदाराने आधार कार्ड ठेवून घेतलं आहे,
उचल फिटल्याशिवाय देणार नाही म्हणते.
मी म्हटलं, इकडे लिलावाची तारीख लागली, मंगळवार.
तुझा घण पेटीत आहे, किल्ली बाबूंकडे.
तो म्हणाला, बरं.

मग म्हणाला, बाई,
त्यालाही कोणी घरी बसवलं असेल का?
कोणाला?
अरे, त्या डावखुऱ्याला.

मला काय माहीत.
मला त्या देशाचं नावही नीट घेता येत नाही.
टीव्हीने नकाशा दाखवला तेव्हा
टपरीवाल्याने आवाज बंद केला होता.

आज रविवार.
सतराच्या थप्पीवरची वेल ओढून काढली.
खाली माझा आठ, अर्धा पुसलेला,
त्याच्या शेजारी सैनूचा ठोका, जसाच्या तसा.
बोटाने चाचपून पाहिला.
ब्रश अजून घासलेटात आहे.
केस सुटे होत आहेत,
पण हळू.