मागच्या चाकात हवा

या गाडीत चालवणारा मागे असतो,
बसणारे पुढे.
म्हणून वारा आधी त्यांना लागतो,
मग उरलासुरला मला.
मला दिसतात फक्त दोन पाठमोरी डोकी:
एक मनोरमाबाईंचं, अंबाड्यावर अबोलीची वेणी,
रविवार आहे म्हणून.
दुसरं खैरनारांचं, कानटोपीत,
ताठ, पत्ता लिहून झालेल्या पाकिटासारखं.

आठवडाभर मी सातपूरला बेअरिंगं मोजते.
रविवारी साडेसातला
नोंदवहीत सही करून किल्ली घेते,
पट्टा लावते, शाली खोचते,
विचारते, निघायचं?
मनोरमाबाई म्हणतात, आधी घंटी.
घंटीशिवाय त्यांच्या लेखी
काहीच निघालेलं नसतं.

खैरनार पहिले तीन रविवार आलेच नाहीत.
"पोरीनं ओढायचं मला?
बावीस वर्षं तारा वाटल्या या गावात,
माझ्या सायकलवर, माझ्या पायांनी."
चौथ्या रविवारी दारात येऊन बसले.
का, ते मी विचारलं नाही.
त्यांचा उजवा पाय उचलून फळीवर ठेवला
तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.
मीही.

अशोकस्तंभ. रविवार कारंजा.
थंडी अशी, की दूधवाला
सुट्टे पैसे मोजायलाही काखेतून हात काढेना.
एका बोळाच्या तोंडाशी खैरनार बोलले:
"आत, तिसरं दार. मुलगा झाल्याची तार.
बाईनं मूठभर पेढे कोंबले पिशवीत,
पुढच्या सगळ्या तारांना तूप लागलं."
मनोरमाबाई इतक्या हसल्या की गाडी हलली.
"त्या माडीवर, नोकरी लागल्याची.
त्या दुकानात नुसतं 'येत आहे'.
दोन शब्द. कोण येत होतं, देव जाणे,
पण दुकानदार दुकान उघडं टाकून पळाला."

मग एक निळं फाटक आलं.
"इथं घंटी नको," ते म्हणाले.
आणि मनोरमाबाईंनी
कोपऱ्यापर्यंत ती मागितली नाही.

होळकर पुलावर जरा थांबलो.
खाली पाण्यावर धुकं, आपटलेल्या धुण्याचा आवाज,
लांब दुतोंड्या मारुती, नखापर्यंत कोरडा.
"याला मी गळ्यापर्यंत बुडालेला पाहिलाय,"
मनोरमाबाई म्हणाल्या,
"अजून उभाय बघ.
मला नाही जमत बाई उभं राहायला,
पण बसते तरी कशी, राणीसारखी!"

मग मालेगाव स्टँडचा चढ.
गाडीला बॅटरी आहे,
पण थंडीत ती माझ्याहून आळशी.
मी पायंड्यांवर उभी राहिले,
गाडी डगमगली, मागून एक टेम्पो कोकलला.
"उठू नको. बसून मार."
मागे न वळता खैरनार.
"चढाच्या टोकाकडे बघायचं नाही.
त्या खांबापर्यंत बघ.
आला? आता पुढचा खांब."

दुसऱ्या खांबाशी माझ्या लक्षात आलं,
शाल हलतेय.
डावा गुडघा वर, खाली, वर,
माझ्याच लयीत.
आणि उजवा,
थरथर म्हणावी इतकाच,
पण माझ्याच लयीत.
मी श्वास धरून पायडल मारत राहिले.
मनोरमाबाईंनीही पाहिलं असावं,
कारण त्या एकदम ओरडल्या,
अगं घंटी, घंटी!
आणि रस्ता मोकळा असताना
मी ती वाजवली,
चढ संपेपर्यंत.

"चढलो," खैरनार म्हणाले.

परतल्यावर काठीवर भार टाकून ते वाकले,
मागच्या चाकावर अंगठा दाबला,
दोनदा.
"हवा कमी आहे.
पुढल्या रविवारी भरून आण."
आणि पेन मागितलं.

नोंदवहीत मी वेळ लिहिली, नऊ दहा.
अभिप्रायाच्या रकान्यात
त्यांनी डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात,
जेवढे पैसे तेवढेच शब्द असल्यासारखं
लिहिलं:
हवा भरणे.
खाली सही. खाली तारीख,
पुढल्या रविवारची.